रविवारी बघू

चष्म्याच्या दुकानात अगदी मागे, भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या गृहस्थांना सगळे बघूकाका म्हणत. आईवडिलांनी त्यांना चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गिऱ्हाईक आलं की काका मान वर न करता हात पुढे करत आणि म्हणत, "बघू." मग त्या हातात चष्मा पडे. काडी सैल झालेली असे, नाकावरची पट्टी निसटलेली असे, नाहीतर कुणी चष्म्यावर बसलेलं असे. चष्म्यावर बसणारी माणसं नेहमी सांगत की चष्मा आपोआप वाकला. काका त्यावर काही बोलत नसत. फ्रेम गरम हवेवर धरून अंगठ्याने हलकेच दाबत आणि एका दमात तिला पुन्हा माणसात आणत.

घरी बायको म्हणे, "अहो, तळ्यावर म्हणे बोटी सुरू झाल्यात." काका म्हणत, "बघू." शब्द तोच, पण दुकानातल्या 'बघू'नंतर काम हटकून होत असे आणि घरातल्या 'बघू'नंतर कधीच होत नसे. हा फरक काकूंनी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ओळखला होता. त्यात 'रविवारी' हा शब्द आला, म्हणजे 'रविवारी बघू' असं झालं, की तो विषय माळ्यावर टाकला असं समजायचं. रविवारी काका झोपत. आठवडाभर बारीक स्क्रूंकडे बघून डोळे इतके दमलेले असत की त्यांना सातव्या दिवशी काहीही दाखवणं म्हणजे छळ, असं त्यांचं मत होतं.

त्यामुळे इतकी वर्षं या शहरात काढूनही काकांनी शहर पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र भरपूर होतं. नवा चष्मा तयार झाला की ते गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारात उभं करत आणि स्वतः आपल्या जागेवरून, रस्त्याकडे पाठ करून विचारत, "समोर बघा. काय काय दिसतं?"

गिऱ्हाईक सांगे, "बेकरीची पाटी."

"त्याच्या वर?"

"वर गॅलरी. एक बाई कुंड्यांना पाणी घालतायत."

"कुंड्यांत काय आहे?"

"लाल फुलं. नाही, थांबा, मिरच्या आहेत."

मिरच्यांपर्यंत पोचलं की काच बरोबर बसली. अशा रीतीने काकांना बेकरीची पाटी कधी बदलली, गॅलरीतल्या बाईंनी केस कधी कापले, कोपऱ्यावरच्या घड्याळाचा मोठा काटा कधी गळून पडला, हे सगळं ठाऊक होतं. समोरचा रस्ता त्यांनी कानांनी पाहिला होता, आणि त्यांना त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मनसोक्त पाहिली होती, ती म्हणजे लहानपणची सर्कस. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरल्या बहिणीनेच, आक्कानेच, त्यांना वाढवलेलं. तिनेच एकदा सर्कशीला नेलं होतं. स्टुलावर बसून कान हलवणारा हत्ती, टोपीतून कबूतर काढून स्वतःच दचकणारा विदूषक, आणि तारेवरून छत्री घेऊन चालणारी पिवळ्या झग्यातली मुलगी. हे वर्णन काका इतकं रंगून करत की काकूंना आता तो हत्ती घरातलाच वाटायचा.

आक्का गावीच राहिली. तिचा फोन ठरावीक वेळी येई आणि ठरावीक वाक्याने संपे, "बरं, परत कधी येतोस?" काका जणू कोपऱ्यावर दूध आणायला गेले होते आणि जरा रेंगाळले होते, अशा सुरात ती विचारी. काकांनी इथे बिऱ्हाड केलं, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. पण आक्काच्या हिशेबी ते अजून दूध घेऊन परतायचे होते. काका म्हणत, "बघू." फोन ठेवल्यावर मात्र ते थोडा वेळ तिथेच उभे राहत. आपलं इथलं सगळं आयुष्य आक्काला एक लांबलेला खोळंबा वाटतो, हे त्यांना आत कुठेतरी खुपायचं.

आणि एका संध्याकाळी आक्का फोनवर म्हणाली, "येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी येतेय."

काका सवयीने म्हणाले, "बघू."

मग आक्का म्हणाली, "काय बघू? तिकीट काढलंय मी."

आक्का लेकीकडे निघाली होती, समुद्रापलीकडे, कायमची. वाटेत एक दिवस तिने भावासाठी ठेवला होता. सकाळी यायचं, संध्याकाळच्या गाडीने पुढे. "तुझं ते गाव एकदा बघते म्हटलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुला तिथे काय सापडलं ते तरी कळू दे."

काकांनी फोन ठेवला. मग काकूंना म्हणाले, "अगं, आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "हा प्रश्न तुम्ही मला विचारायला आपली मुलगी सासरी जावी लागली."

पुढचे काही दिवस काकांनी दुकानात गिऱ्हाइकांना भंडावून सोडलं. पाहुणा रविवारी सकाळी उतरला तर एका दिवसात काय दाखवाल? कुणी म्हणे वस्तुसंग्रहालय, कुणी म्हणे मनोरा, कुणी म्हणे तळं. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "काका, एका दिवसात एवढं दाखवू नका. माणूस प्रवासातून आलेला असतो. त्याला आधी गोल बसमध्ये बसवा. ती सगळ्या शहराला वळसा घालून परत स्टेशनावर येते. काय कुठे आहे ते कळतं, मग आवडेल तिथे उतरायचं."

काकांना हे पटलं. पण नुसतं पटून भागणार नव्हतं. आदल्या रविवारी त्यांनी रंगीत तालीम करायचं ठरवलं. आक्काची भूमिका अर्थातच काकूंकडे आली.

स्टेशनाबाहेर उभं राहून काकूंनी शाल डोक्यावरून घेतली, पाठीला जरा बाक दिला आणि म्हणाल्या, "काय रे, किती वाळलायस. बायको खायला घालत नाही का?"

"अगं, एवढं नको."

"मी आक्का आहे. आक्का एवढंच म्हणते."

गोल बसने ते वस्तुसंग्रहालयाशी उतरले. दाराला कुलूप होतं. पाटीवर लिहिलं होतं: रविवारी बंद. काका पाटीकडे बघत राहिले. सगळ्या जगाला ज्या दिवशी सुट्टी, नेमक्या त्या दिवशी जुन्या तलवारींनाही सुट्टी असते हे त्यांना नवीन होतं. मनोरा उघडा होता, पण काकू पहिल्याच पायरीवर बसल्या. "आक्का चढणार नाही. आक्काचे गुडघे माहीत आहेत ना?" बाजार बंद. नाटकगृहाच्या दारात एक मांजर, तेही झोपलेलं. काकांना पहिल्यांदाच जाणवलं की रविवारी आपणच नाही, सबंध शहर झोपतं. त्यांना शहराबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

तळ्यावर मात्र बोटी होत्या. दोघं एका बोटीत बसले. नावाड्याने वल्ही उचलून धरली तेव्हा बोट आपली आपण हळूहळू फिरू लागली, आणि काठावरची झाडं, घरं, बाकं त्यांच्याभोवती फिरली. पाणी इतकं स्थिर होतं की खालचं शहर वरच्यापेक्षा ठळक दिसत होतं. काकूंनी हात पाण्यात सोडला. आक्काचा बाक केव्हाच पाठीतून गेला होता.

"आक्का, कसं वाटतंय?" काकांनी विचारलं.

"मी आत्ता आक्का नाहीये," काकू म्हणाल्या. "पाच मिनिटं मला राहू द्या."

बोटी सुरू झाल्याचं काकूंनी सांगितलं होतं, ते काकांना आठवलं. तेव्हा मुलगी शाळेत जात होती.

बेत ठरला. आधी गोल बसची एक फेरी, मग तळ्यावर उतरायचं, तिथे काकू डबा घेऊन येतील, मग बोट, मग बागेतून चालत घर, चहा, आणि संध्याकाळी स्टेशन. प्रत्येक ठिकाणी काय सांगायचं तेही काकांनी पाठ केलं. पूल कुणी बांधला, मनोऱ्यावर वीज कधी पडली, सगळं. आंघोळ करतानाही ते पुटपुटत असत. काकू बाहेरून म्हणत, "वीज मागच्या वेळी उन्हाळ्यात पडली होती."

रविवार उजाडला. गाडीतून आक्का उतरली, आठवत होती त्यापेक्षा लहान झालेली. रात्रभर बसून आली होती, आणि चष्मा नाकावर तिरका, एक काडी पार सैल. काका तिच्या पाया पडायला वाकले, वाकता वाकता त्यांनी ती काडी पाहिली, आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या बहिणीला उद्देशून त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "बघू."

आक्काने मुकाट्याने चष्मा काढून हातात दिला. काकू आक्काची बॅग घेऊन, डोळ्यांनीच काहीतरी बोलून घरी गेल्या.

गोल बस उभीच होती. आक्काला खिडकीशी बसवून काकांनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. बस सुरू झाली. धावत्या बसमध्ये चष्म्याचा स्क्रू पिळणं म्हणजे पळत्या घोड्याला टाके घालणं. पहिल्या वळणावर स्क्रू सटकला, काकांनी तो पायाने अडवला, वाकून शोधला, फुंकला, पुन्हा बसवला. तोवर पूल येऊन गेला होता. काडी घट्ट झाली, त्यांनी काचा रुमालाने पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या आणि विजयी मुद्रेने वळून म्हणाले, "हं, घे. आता बघ."

आक्का झोपली होती.

चष्म्यावाचून तिला खिडकीबाहेर नुसते रंग दिसत असणार. माणूस रंगांकडे किती वेळ बघेल? तिचं डोकं आधी काचेला टेकलेलं होतं. बस वळली तसं ते अलगद काकांच्या खांद्यावर आलं. काका ताठ झाले. आयुष्यभर लोकांना दिसावं म्हणून झटलेल्या माणसाने बहिणीला शहर दाखवायच्या दिवशी पहिलं काम काय केलं, तर तिचा चष्मा काढून घेतला. ही चूक दुसऱ्या कुठल्याही माणसाला जमली नसती.

'पुढच्या स्टॉपला उठवू,' त्यांनी ठरवलं. पुढचा स्टॉप आला. आक्काचा श्वास संथ चालला होता. 'मनोऱ्याशी बघू,' ते मनात म्हणाले.

मनोरा आला. पाठ केलेली माहिती घशाशी येऊन बसली होती. ती आत ठेवणं अशक्य झालं. काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "आक्का, हा मनोरा. यावर वीज पडली होती."

"हं," आक्का झोपेतच म्हणाली.

काकांना धीर आला. त्यांनी वस्तुसंग्रहालय सांगितलं, कुलपासकट. बाजार सांगितला. तळ्याच्या स्टॉपवर काकू डबा घेऊन उभ्या होत्या. काकांनी काचेतून एक तळवा गालाला लावून दाखवला. काकूंनी कपाळाला हात लावला. बस पुढे गेली.

स्टेशनावर कंडक्टर जवळ आला. "काका, फेरी संपली. उतरायचं नाही?"

"पुढच्या फेरीला उतरू."

त्याने खांद्याकडे पाहिलं. "बहीण?"

"थोरली."

"मग राहू द्या," कंडक्टरने आवाज खाली आणला. "झोपलेल्या थोरल्या बहिणीला उठवायची हिंमत मीही करत नाही. तिकिटं दिवसभराचीच आहेत." आणि त्याने घंटीची दोरी अशी ओढली की ती वाजली नाही, नुसती हुंकारली.

दुसऱ्या फेरीला पाठ केलेलं सगळं संपलेलं होतं. मग काका जे दिसेल ते सांगू लागले, आणि मग जे दिसत नव्हतं तेही. "ही गल्ली बघ. इथे मी पहिल्यांदा राहिलो, जिन्याखालच्या खोलीत. वरून कुणी उतरलं की माझ्या छताला पावलं उमटायची. पावलांवरून मी माणूस ओळखायचो." ऊन झाडांमधून बसमध्ये येत होतं, आक्काच्या शालीवरून सरकत जात होतं. "हे हॉस्पिटल. इथे पोरगी झाली. मी बाहेर फेऱ्या मारत होतो, आणि नर्सचा चष्मा वाकडा होता, तो नीट करून दिला. तेवढ्यात झाली." रविवारचं शहर बाहेरून चाललं होतं, बंद दारं, उघड्या गॅलऱ्या, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. बस त्यातून पाण्यातून जावी तशी जात होती.

मग दुकान आलं. शटर खाली होतं. काकांनी आपलं दुकान रस्त्यावरून असं बसल्या बसल्या कधी पाहिलं नव्हतं. समोर बेकरीची पाटी होती. वर गॅलरी, कुंड्या, आणि खरोखरच मिरच्या. घड्याळाला मोठा काटा नव्हता. सगळं गिऱ्हाइकांनी सांगितलेलं तसंच्या तसं. "आक्का, इथे मी बसतो," ते म्हणाले. "रस्त्याकडे पाठ करून. पण मला सगळं दिसतं."

"हं," आक्का म्हणाली.

तळ्याशी या वेळी काकू थांबल्या नाहीत. सरळ बसमध्ये चढल्या आणि डबा मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसल्या.

"उठवू का?" काकांनी नुसते ओठ हलवून विचारलं.

"खबरदार," काकूही ओठांनीच म्हणाल्या. मग दोन स्टॉप गेल्यावर थोडं पुढे वाकून कुजबुजल्या, "आणि ती मघाशी तुम्ही टपाल कचेरी म्हणून दाखवलीत ना, बोटाने? ती शाळा आहे. नीट सांगा."

काकांनी चूक सुधारून सांगितली. काकूंनी तळं सांगितलं, कारण ते त्यांना जास्त चांगलं येत होतं. बोट आपली आपण कशी फिरते आणि पाण्यातलं शहर कसं जास्त ठळक असतं ते. दोघं आळीपाळीने सांगत राहिले. बस फिरत राहिली. कंडक्टर मधूनच एखादी माहिती भरीला घालत होता. कुणी चढलं तर तो ओठांवर बोट ठेवून त्याला मागच्या दारी पाठवत होता.

आक्का जागी झाली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं आणि बस स्टेशनात शिरत होती. तिने हात पुढे केला. "चष्मा."

काकांनी खिशातून काढून दिला. तिने तो नाकावर चढवला, काडी चाचपली, मान डोलावली, आणि भावाकडे नीट पाहिलं. "म्हातारा झालास की रे."

"आक्का," काका कसेबसे म्हणाले, "तुला उठवायला हवं होतं. संध्याकाळ झाली. काहीच बघितलं नाहीस तू."

"कोण म्हणतं? सगळं बघितलं." आक्का शाल सारखी करत म्हणाली. "वीज पडलेला मनोरा. ते कुलपातलं संग्रहालय. तुझी जिन्याखालची खोली, छतावर पावलं असलेली. मिरच्यांची गॅलरी. आणि तो पूल. त्यावरून एक मुलगी चालली होती बघ, पिवळ्या झग्यातली. हातात छत्री."

काका चमकले. पूल त्यांनी सांगितलाच नव्हता. पहिल्या वेळी ते स्क्रू शोधत होते आणि नंतर दर फेरीला जिन्याखालच्या खोलीत अडकत होते. "आक्का, ती मुलगी सर्कशीतली."

"कुठल्या सर्कशीतली?"

"तू नेलं होतंस त्या. ती तारेवरून चालत होती. आणि हत्ती..."

आक्का हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. "अरे, तू कुठे पाहिलीस सर्कस? बँड वाजायच्या आधी माझ्या मांडीवर झोपलास तो घर येईपर्यंत. घोरत होतास. तुला पाठीवर घेऊन चालत आले, आणि चुकल्यासारखं वाटू नये म्हणून वाटभर तुला सांगत आले. तू हं हं म्हणत होतास."

काकूंनी काकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचा हत्ती घरातून उठून चालला होता, पण काकूंना त्याचं वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

"मग ती पिवळ्या झग्यातली मुलगी," काकांनी जरा वेळाने विचारलं, "ती तरी खरी होती ना?"

आक्काने विचार केला. "आता मला तरी कुठे आठवतंय? तू म्हणतोस म्हणजे असेल."

काकूंनी सकाळची बॅग घरून येताना डब्याबरोबर आणलीच होती. काकांच्या बेतावर त्यांचा मुळापासूनच फारसा भरवसा नव्हता. डबा फलाटावर, बाकावर बसून खाल्ला. आक्काने चवीने खाल्लं, भावाला वाळलायस म्हणाली, आणि काकूंनी काकांना कोपराने हलकेच ढोसलं.

गाडी लागली. आक्का खिडकीशी बसली. काका खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले आणि वाट बघू लागले. आता ते वाक्य येणार. प्रत्येक फोनच्या शेवटी येणारं, दूध आणायला गेलेल्या मुलाला विचारायचं वाक्य. त्यासाठी त्यांनी या वेळी उत्तरही जुळवलं होतं, लांबलचक.

आक्काने फलाटाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, स्टेशनाबाहेर उभ्या गोल बसकडे पाहिलं. "चांगलं आहे रे तुझं," ती म्हणाली. "फक्त अधूनमधून रस्त्याकडे तोंड करून बसत जा."

शिट्टी झाली. आक्काने ते वाक्य विचारलंच नाही. गाडी हलली, आणि ते जुळवलेलं उत्तर काकांच्या तोंडात तसंच राहिलं. ते गाडीबरोबर चालू लागले, मग जरा भरभर. या घरात हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

"आक्का," त्यांनी विचारलं, "परत कधी येतेस?"

चष्म्यामागे आक्काचे डोळे मोठे दिसत होते आणि काडी आता अगदी घट्ट होती.

"बघू," आक्का म्हणाली.

गाडी गेली. काका फलाटाच्या टोकाशी उभे राहिले. त्या शब्दाचे सगळे अर्थ त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? दुकानातला 'बघू' आणि घरातला 'बघू' यांतला हा कुठला, हे मात्र त्यांना ओळखता येईना. मागून काकू आल्या. बाहेर गोल बस दिवे लावून उभी होती, आणि कंडक्टर दारात उभा राहून दोघांकडे बघत होता.

"तिकिटं दिवसभराची आहेत," काकू म्हणाल्या. "पूल राहिलाय."

काका काहीतरी म्हणणार होते. ते न म्हणता बसमध्ये चढले आणि खिडकीची जागा काकूंना दिली.